तीन ओळींचे कलम

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, पाणीपुरवठा कार्यालयात संगणक सांभाळणारा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण म्हणताना त्यांनी पेनचे टोपण दोनदा काढून लावले, म्हणून हा कागद.

१. राहते घर, बँकेतील ठेवी आणि घरातील सर्व वस्तू पत्नीच्या. गॅलरीकडच्या खोलीचे दार तिने हवे तेव्हा उघडे ठेवावे. त्याने माझ्या कामात व्यत्यय येतो, ही तक्रार मी मागे घेत आहे.

२. मी रोज सकाळी वाचतो ती प्रार्थनेची वही धाकट्या बहिणीला. माझे अक्षर तिला लागणार नाही, पण तिला सगळे पाठ आहे.

३. गेली सतरा वर्षे मी एक सॉफ्टवेअर सांभाळतो. ज्यांना दिसत नाही त्यांना ते पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. ते फुकट आहे आणि कुणालाही उघडून सुधारता येते, त्यामुळे त्याची वाटणी करता येणार नाही, असे वकील म्हणाले. मात्र त्याच्या पत्रयादीच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे आहेत. या यादीवर एकाने लिहिलेले पत्र ईमेलने सर्वांना जाते आणि कायम जपले जाते. गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवले होते, आधी विषय लिहा, मग मुद्दा, मग उत्तराची वाट पाहा. यादी तशीच चालते.

४. हे काम माझ्यासोबत आणखी एक जण पाहतो. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, तरी सगळे त्याला दादा म्हणतात. मला पोस्टमास्तर म्हणतात. चार वर्षांपूर्वी त्याने चॅट सुरू केली.

"पोस्टमास्तर, माणसाला अडलंय आत्ता, आणि तुमचं उत्तर येणार गुरुवारी," तो फोनवर म्हणाला.

"तुझं उत्तर आत्ता येतं आणि गुरुवारी शोधून सापडत नाही," मी म्हणालो.

दोघांचेही खरे होते. पण यादीवरची माणसे, बहुतेक डोळस, तिकडे गेली. यादीवर दिवसाला चाळीस पत्रे येत, ती दोनवर आली. तिकडे त्याच्या प्रत्येक विनोदाखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी ती रोज मोजत असे आणि तिथे एक शब्दही लिहीत नसे.

ऑपरेटरबाई तेवढ्या माझ्याकडे राहिल्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त, जन्मापासून दृष्टी नाही, आमच्या चुका नुसत्या कानाने पकडणाऱ्या. चॅटवर नवा संदेश आला तरी आमचे सॉफ्टवेअर त्यांना तो वाचून दाखवत नसे. "तिकडे काय चाललंय, मला कळवाल का हो?" असे त्यांनी लिहिले. मी दर शनिवारी सारांश पाठवू लागलो, दादाचे विनोद गाळून. एकदा त्यांचे उत्तर आले, "तुमचे दादा फारच कोरडे दिसतात." ते पत्र मी तीनदा वाचले.

५. (हे कलम खोडले आहे.) दोष चॅटच्या प्रोग्रॅममध्ये होता. तो मला दोन वर्षांपूर्वी एका दुपारी सापडला. तीन ओळींची दुरुस्ती. ती मी केली, तपासली आणि कुणालाही दिली नाही, कारण मग ऑपरेटरबाईही तिकडे गेल्या असत्या. रोज प्रार्थनेला बसलो की ती फाइल आठवते आणि मी प्रार्थना जरा भराभर उरकतो. माझ्या मृत्यूनंतर ती दादाला द्यावी.

६. वरील कलम पत्नीने काल वाचले.

"आणि नाही मेलात तर?"

वकिलांना विचारतो, म्हणालो.

"त्यांना कशाला? त्या बाईंनी काय तुमच्या मरणाची वाट बघत बसायचं?"

आज सकाळी प्रार्थनेआधी ती दुरुस्ती मी चॅटवर दिली. माझा तिथला पहिला संदेश. दोन वर्षे दडवली होती, हेही लिहिले, आणि ऑपरेटरबाईंना पत्राने सगळे कळवले, सारांशांतून विनोद गाळत आलो तेही. दादाने सात मिनिटांत दुरुस्ती बसवली. "या पोस्टमास्तर. तुमची खुर्ची चार वर्षं राखून ठेवलीय." हा माणूस धड रागावतही नाही.

दुपारी ऑपरेटरबाई तिथे आल्या. "दोन वर्षं मला तुमच्या कानांनी ऐकवलंत. यावर मी तुमच्याशी सविस्तर भांडणार आहे. मंगळवारनंतर. तेव्हा नीट घरी या." मग दादाच्या एका विनोदावर त्या मनापासून हसल्या. माझ्या पोटात दुखले. डॉक्टरांना ते सांगितले नाही.

७. यादीच्या किल्ल्या दादाला. एकही माणूस पत्र लिहीत असेल तोवर त्याने यादी बंद करू नये. माझे काही बरेवाईट झाल्यास बातमी आधी यादीवर द्यावी, विषय लिहून. चॅटवर दुसऱ्या दिवशी. ऑपरेटरबाईंनी यादी सोडू नये, अशी अट घालता येईल का, हे वकिलांना विचारले. येत नाही म्हणाले.

म्हणून बाईंनाच विचारले, भांडण कुठे करणार, चॅटवर की यादीवर.

"मोठं भांडण आहे," त्या म्हणाल्या. "पत्रच लिहावं लागेल."

साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही). कार्यालयातील पंपचालक (सही). कलम ५ खोडल्याबद्दल दोघांनी समासातही सही केली आहे.

ठिकाण: गॅलरीकडची खोली, दार उघडे.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शनिवार. या शनिवारी सारांश पाठवलेला नाही.

(सही)