निळं औषध आणि गोपिकेची जोडवी

सक्करदरा, नागपूर
बुधवार, १३ फेब्रुवारी १९८५

तीर्थस्वरूप चंपतरावदादांच्या सेवेशी,

वामन मास्तरचा (म्हणजे आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, आपल्या गोतावळ्यात वामन नावाचे तीन जण आहेत म्हणून हा खुलासा) साष्टांग नमस्कार. आपली कंबर, वहिनींचा दमा आणि ती एक शिंग मोडलेली गाय, तिघांच्याही प्रकृती पारशिवनीच्या थंडीत टिकून असाव्यात. इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. (हे वाक्य सुरुवातीला लिहायचंच असतं म्हणून लिहिलं. पुढे वाचा.)

संक्रांतीला आपण पाठवलेली गुळाची ढेप पोचली. तिच्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळा घोळ तिच्यापासूनच सुरू झाला. पण त्याआधी आपल्याला पुष्पलता सिस्टरबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर काही उमगायचं नाही.

गेल्या वर्षी मला साखरेचा आजार निघाला हे आपल्याला ठाऊक आहेच. आता दवाखान्यातून दर मंगळवारी एक सिस्टर सायकलवर घरी येते. दादा, ही साधी नर्स नाही. ही फक्त साखरवाल्यांची नर्स आहे! आपल्या वेळी नर्स म्हणजे डॉक्टरांच्या मागे ट्रे धरून उभी राहणारी बाई. ताप असो, बाळंतपण असो, सगळीकडे तीच. आता म्हणे साखरेची वेगळी, डोळ्यांची वेगळी, आणि नुसत्या म्हाताऱ्यांची एक वेगळी यायची आहे. मी विचारलं, एवढ्या कशाला? तर ती म्हणाली की मास्तर, तुमच्या गल्लीतच मोजून पाहा. मी मोजलं. अकरा घरं आणि साठीच्या वरची चौदा माणसं. पोरं भिलाईला, पुण्याला, एक तर कुवेतला. पूर्वी या गल्लीत दर वर्षी दोन-तीन बारशी व्हायची. आता कोणाला कवळी बसली तर आम्ही सगळे बघायला जातो.

ही पुष्पलता खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेली. वडील तिथे बॉयलरवर होते. वय असेल अठ्ठावीस, पण विचारपूस अशी करते की चाळीस वर्षं मुलांना दरडावणारा मीही बाकावर उभा राहिल्यासारखा उत्तरं देतो. तिच्या पिशवीत एक काचेची नळी, एक स्पिरिटचा दिवा आणि एक निळ्या औषधाची बाटली असते. त्या निळ्या औषधात (माफ करा दादा, पण आजाराला लाज नसते) लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटकरी झालं तर झालंच. मी ड्रॉइंग मास्तर असल्यामुळे मला हा प्रकार फारच आवडला. सिस्टरच्या तक्त्यात पाचच रंग होते. मी तिला पोपटी, शेवाळी, हळदुला धरून अकरा काढून दिले. एकदा तर हिरवा की शेवाळी यावर आमचा अर्धा तास वाद झाला आणि नळी थंड झाली. शेजारचे कृष्णकांत (पोस्टातले, रिटायर्ड) आणि कोपऱ्यावरच्या बायजाबाई मंगळवारी मुद्दाम रंग बघायला येऊन बसतात. मी नेहमी हिरव्यात पास होत असे. बायजाबाई माझं उदाहरण आपल्या मुलाला देत.

आता गूळ. डॉक्टरांनी मला साखर बंद केली होती. गुळाचं त्यांनी नाव घेतलं नव्हतं. गूळ हा काही कारखान्यातला पदार्थ नाही, आपल्या घरच्या उसाचा, आपल्या बहिणीच्या नावानं आलेला, आणि थंडीत उष्ण. अशी मी माझी समजूत घातली आणि रोज जेवणानंतर खडा फोडत गेलो. सुरुवातीला बोराएवढा. पुढे खड्याचा आकार वाढला, तो मी काढून दाखवू शकतो पण दाखवणार नाही. मागच्या मंगळवारी, पाच तारखेला, सकाळी उठलो तर तोंड कोरडं. ढेपेकडे पाहिलं तर ती निम्मी. माझ्या लक्षात आलं की आज नारिंगीच्या खाली काही सुटका नाही, आणि कृष्णकांत व बायजाबाई नऊला येणार.

दादा, माणूस अब्रूपायी काय करेल सांगता येत नाही. मी आपल्या बहिणीकडे, गोपिकेकडे, बाटली दिली आणि म्हणालो की सिस्टरना ताडून पाहायला घरातल्या एका निरोगी माणसाचंही हवं आहे. हिला तर उभ्या जन्मात कधी सर्दीसुद्धा झालेली मी पाहिली नाही. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बाटली घेतली. (एवढ्या चटकन तिनं माझं कधीच ऐकलेलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.) ती बाटली मी माझी म्हणून सिस्टरपुढे ठेवली आणि निर्धास्त पाय पसरून बसलो.

निळं औषध उकळायला लागलं. हिरवं झालं. पिवळं झालं. बायजाबाईंनी पदर तोंडाला लावला. नारिंगी झालं, आणि बघता बघता तळाशी नव्या कौलासारखा लाल विटकरी गाळ बसला. अकरा रंगांच्या माझ्या यादीतला हा शेवटचा, आणि तो मी त्या नळीत आजवर पाहिला नव्हता. सिस्टरनं माझी गोळी वाढवायला आणि मला दवाखान्यात सुई चालू करायला कागद काढला. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. दुसऱ्याची सुई टोचून घ्यायची, किंवा चारचौघांत खरं सांगायचं. मी खरं सांगितलं. (सुईची भीती हे त्याचं कारण नव्हे, असं मी लिहिणार होतो, पण आपण मला ओळखता.)

सिस्टरनं कृष्णकांत आणि बायजाबाईंना नमस्कार करून बाहेर काढलं, गोपिकेला स्वयंपाकघरातून बोलावलं आणि साखरेचं काही न विचारता एकदम म्हणाली, "बाई, पाय दाखवा." गोपिका नाही म्हणाली. सिस्टर खाली जमिनीवर बसली आणि वाट पाहत राहिली. शेवटी पाय पुढे आला. उजव्या पायाच्या जोडव्याखाली, बोटाला, बोराएवढी जखम. कडा काळपट. दिवाळीपासूनची! मी त्या घरात रोज जेवतो, झोपतो, आणि रंग ओळखण्यात माझा हात कोणी धरत नाही म्हणून फिरतो.

पुढे सिस्टरनं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. तिनं गोपिकेला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचं टोक पायाला लावीन तेव्हा हो म्हणा असं सांगितलं. अंगठ्याला लावलं, टाचेला लावलं, तळव्याला लावलं. पाच वेळा लावलं. गोपिका डोळे मिटून शांत बसलेली. मग म्हणाली, "सुरू तं करा ना वं बाई, मी केव्हाची थांबून राहिली." मी खिडकीकडे पाहत उभा राहिलो. मला फार भीती वाटली, दादा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलं. गोळ्या, सुई, पट्टी, सगळं चालू झालं आहे. पण बोट सुजलं आहे आणि जोडवं त्यात रुतून बसलंय. काल सिस्टर म्हणाली, पुढच्या मंगळवारपर्यंत जोडवं निघालं नाही तर बोट राखणं कठीण. गोपिका काढू देत नाही. नवरा जिवंत असताना जोडवी उतरवायची नाहीत, बस्स. मी म्हणालो की नवरा मीच आहे आणि माझी परवानगी आहे, तर म्हणाली यात तुमचं काय काम. सिस्टरनं जोडवं कापायची गोष्ट काढली तेव्हा तर ती उठूनच गेली. सिस्टर रागावली नाही. आता ती रोज ड्यूटी संपली की येते, हिच्याजवळ बसून वाटाणे सोलते, जोडवी कोणी घडवली, कोणी घातली, असं विचारत राहते. मला आधी वाटलं, ही काय नर्सची कामं? आता कळून राहिलं की हेच ती शिकून आलेली आहे.

ड्रेसिंगचं म्हणाल तर ते बायकांचं आणि सिस्टरचं काम. मी फक्त दारातून पाहतो आणि जखमेचा रंग वहीत लिहून ठेवतो. काल कडा गुलाबी होती. बाकी सर्व ठीक, काळजी नसावी. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
वामन

ता. क. : सिस्टरनं वाटाणे सोलता सोलता शोधून काढलं ते असं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी मांडवात ही जोडवी आपण आपल्या हातानं हिच्या पायात घातली होती. हिचं म्हणणं पडलं की ज्यानं घातली त्यानंच काढली तर दोष नाही. मग काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालीन. सिस्टर म्हणते, बोटाला दोरा गुंडाळून सूज दाबली की न कापता निघतं, ती शेजारी बसून सांगेल. म्हणून एवढं लांबलचक पत्र. रविवारी सकाळच्या गाडीनं या.

दुसरा ता. क. : येताना गूळ आणू नये. आपण काळजी कराल म्हणून सांगतो, मी अजिबात घाबरलेलो नाही. माझा हात आजही न थरथरता एका फटक्यात गोल काढतो.

(खाली पेन्सिलनं, वेगळ्या अक्षरात)

दादाले गोपिकेचा नमस्कार. पाकिटाले खळ लावाले यायनं मलेच देल्लं, म्हणून वाचलं. बाटली मी समजूनच देल्ली होती. मोरीत मुंग्या लागून राहिल्या होत्या, आपल्या मायच्या साखरेच्या वक्ताले लागत होत्या तशाच. तोंडानं सांगाची हिंमत होत नव्हती. म्हटलं, नळीच सांगन. गूळ आणजा, सिस्टरसाठी.

आन् हे दारातून पाहते म्हणून लिहिलं ते खोटं हाये. रोज संध्याकाळी कोमट पाणी घेऊन मोरीच्या उंबऱ्यावर बसते, माझा पाय मांडीवर घेते आन् एक एक बोट पुसते. म्या म्हटलं, काहून करता, मले पाप लागन. तं म्हणे, ड्रॉइंगवाल्याचा हात हाये, थरथरत नाही.

थरथरते, दादा. रविवारीच या.