डोलकाठीवरचा मफलर

बा, तुझा क्लब वर गेला. या वेळी खरंच गेला. हेच वाक्य मी तुला पूर्वी एकदा सांगितलं होतं आणि तेव्हा ते खोटं होतं, म्हणून कालपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आज शुक्रवार, कंपनीला सुट्टी. सकाळीच उमरोळीहून नवापूरला आईकडे आले. दोनदा चहा केला, दोनदा निवला. ओट्यावर बसते, उठते, किनाऱ्यापर्यंत जाऊन परत येते. आई म्हणाली, "पायाला भिंगरी लागली हाय काय तुज्या?" शेवटी वही घेऊन बसले. तुला जाऊन सतरा वर्षं झाली, तेव्हा हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, ते विचारू नकोस.

काल जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर बातमी दिसली. डोंगराखालचं ते मैदान, मैदानात घुसलेली लाल मफलरवाली माणसं, एक म्हातारी ओक्साबोक्शी रडतेय. मी डबा तसाच उघडा टाकून उभी राहिले. शेजारच्या पोरीने विचारलं, "मॅडम, किसका मैच है?" मी म्हटलं, "मेरे बाप का." तिला वाटलं, तू खेळाडू होतास. आयुष्यात एकदाच तू चेंडूला पाय लावलास आणि घोटा मुरगळून आठ दिवस खाटेवर पडलास, हे तिला कुठे सांगत बसू?

तू मोठ्या जहाजावर खलाशी होतास तेव्हाची ही गोष्ट. वेल्सच्या एका बंदरात जहाज दुरुस्तीला लागलं आणि दीड महिना अडकलं. गोदीतल्या एका म्हाताऱ्या वेल्डरने तुला थंडीत एकटा बसलेला पाहिलं आणि शनिवारी सरळ आपल्या गावी फुटबॉलची मॅच बघायला नेलं. गाव डोंगरातलं, कोळशाच्या खाणीचं. पाळी संपल्यावर खेळायला म्हणून खाणकामगारांनीच तो क्लब काढला होता. मैदान त्यांनी स्वतः खणून सपाट केलं, तरी एका बाजूला उतार राहिलाच. पुढे खाण बंद पडली, तरणी पोरं गाव सोडून गेली आणि क्लब एकेक लीग खाली घसरत गेला. तू पाहिलीस ती मॅचही ते हरले, पाच गोल खाऊन. इथे तू दर वेळी थांबायचास आणि म्हणायचास, "हरले तरी गात व्हते, पोरी. शेवटपरत गात व्हते. आमाला म्हावरं नाय मिलालं का आमी बायकोवर वरडतो." निघताना म्हाताऱ्याने गळ्यातला लाल लोकरी मफलर काढून तुझ्या गळ्यात घातला. नवापूरच्या उन्हाळ्यातही तू तो घालून फिरायचास. लोक हसायचे, आणि मला तुझी लाज वाटायची, हेही आजच सांगून टाकते.

मग दर वर्षी, तिथला हंगाम संपला की म्हाताऱ्याचं कार्ड यायचं. तुला इंग्रजी येत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून कोपऱ्यात तो एक शिडी काढायचा, एक पायरी म्हणजे एक लीग, आणि शिडीवर एक काडीचा माणूस. माणूस कुठल्या पायरीवर आहे ते बघितलं की तुला सगळं कळायचं. तरी तू मला शाळेतून आल्या आल्या समोर बसवून कार्ड वाचायला लावायचास, ओळ न् ओळ, दोनदा. एका वर्षी क्लब पार मोडीतच निघाला होता. गावकऱ्यांनी तो ताब्यात घेतला, बायकांनी गळक्या छपराचे पत्रे बदलून घेतले, गवत आळीपाळीने कापलं. मग तो सावकाश वर चढायला लागला. एक पायरी वर, दोन वर्षं तिथेच, पुन्हा एक खाली. किनाऱ्यावर जाळी विणताना तू हे सगळं अशा थाटात सांगायचास की ऐकणाऱ्याला वाटावं, तो क्लब शिरगावच्या किल्ल्यामागेच कुठेतरी आहे.

बावट्याचा घोळ तुला आठवत असेलच. आपल्याकडे होडी भरून आली की डोलकाठीला बावटा चढवतात आणि तो लांबून दिसला की बायका टोपल्या घेऊन किनाऱ्यावर धावतात. शिडीवरचा माणूस पहिल्यांदा वर चढला तेव्हा तू काकाच्या नांगरलेल्या रिकाम्या होडीला मफलर बांधलास. अर्ध्या गावच्या बायका हजर. "म्हावरं कुटं हाय?" "म्हावरं नाय, क्लब वर गेला." "कंचा क्लब?" "वेल्सचा." एकीने टोपली तुझ्या डोक्यावर पालथी घातली. आईने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी बजावलं, "बावटा खोटा लावायचा नाय. दर्याला कलतं." तू म्हणालास, "खोटा कसा? वर गेला ना?"

मग तुझं शेवटचं वर्ष. छातीत पाणी व्हायचं, तुला उठवत नव्हतं. खाट खिडकीशी लावलेली, तिथून खाडीतल्या होड्या दिसत. मी तेव्हा बोईसरला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला नुकतीच लागले होते. एका दुपारी कार्ड आलं. क्लब शेवटची मॅच हरला होता आणि पुन्हा खाली गेला होता. मी उभ्या उभ्याच वाचलं आणि म्हणाले, "वर गेला, बा." तू डोळे मिटलेस. "खरं?" "खरं." कार्ड खाटेखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि निघाले. कोपऱ्यातली शिडी माझ्या ध्यानातच आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर काकाच्या होडीवर मफलर. बायका पुन्हा टोपल्या घेऊन आल्या, पण या वेळी तुला कोणी काही बोललं नाही. तू गेलास त्या दिवसापर्यंत मफलर तिथेच होता, उन्हाने एका बाजूने गुलाबी पडलेला. खोटा बावटा लागला तो माझ्यामुळे आणि तू भोळा तो खरा समजून गेलास, हे मी सतरा वर्षं उराशी धरून आहे. वर्षभराने कार्डं यायचीही थांबली. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि वाटलं याचाही राग आला.

आज मफलर काढायला डबा उघडला. मफलरखाली तेच कार्ड होतं. शिडी स्पष्ट होती आणि माणूस पार खालच्या पायरीवर. त्या कोपऱ्यातला कागद मळून मऊ झालाय, कोणीतरी रोज अंगठा फिरवावा तसा. आई सुके बोंबील निवडत होती, तिच्यासमोर कार्ड धरलं. तिने मान वर न करता सांगितलं, "त्यांना ठावं व्हतं."

"कधीपासून?"

"तू निंगालीस ना, तवाच. मना डबा काडाया लावला. शिडी बगितली. लय येल बगत व्हते. मंग म्हनाले, भावाला हाक मार, मफलर लावायचा हाय. मी म्हटलं, खोटा बावटा? तं म्हनाले, 'पोरगी माज्यासाटी खोटं बोलली गं. बापाचं मन राखलं तिनं. ह्याच्यापरीस भरलेली होडी कंची?'"

एवढं बोलून आईने बोंबलाच्या वासाचा हात माझ्या पाठीवरून फिरवला. मी रडले नाही. उठून पुन्हा किनाऱ्यावर गेले आणि तशीच परत आले.

आता काकाचा मुलगा दारात उभा आहे. विचारतोय, "ताय, मफलर लावाचा का नाय? पंदरा दिसांत, पावसाच्या आदी, होड्या वर काडू." मफलर माझ्या मांडीवर आहे. त्याला म्हटलं, थांब जरा. हा कागद मी डब्यात, त्या कार्डाखाली ठेवणार आहे. आईला वाचता येत नाही, म्हणून तर लिहायचा धीर होतोय.

बा, मी तुझं मन राखलं नव्हतं. हरल्याचं सांगितलं असतं, तर तू मला समोर बसवून ओळ न् ओळ वाचायला लावली असतीस, गोल कसा खाल्ला, कोण चुकला, लोक गात होते का. त्या दुखण्यात चांगलं काही ऐकलं की तू डोळे मिटून पडून राहायचास, हे मला ठाऊक होतं. फाट्यावर कंपनीची दुसऱ्या पाळीची बस यायला दहा मिनिटं होती. मला ती बस गाठायची होती, एवढंच.

बस मिळाली मला.