मी मोरीत नव्हते

सुरत,
शनिवार, ता. ३ एप्रिल १९९३

प्रिय जुबेदा,

सलाम. तुझं पत्र पोचून बारा दिवस झाले. शाळेच्या परीक्षा होत्या म्हणून उशीर झाला, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. चार वेळा लिहायला बसले आणि चारही कागद फाडले.

सासूबाई गेल्याचं तुला कळलं, तू दोन ओळी लिहिल्यास, बरं वाटलं. दोनच दिवसांचा ताप. वाल्मिक हजीऱ्याला ड्यूटीवर होते, ते पोचले तेव्हा आईला शुद्ध नव्हती. दफनाला आमची सगळी गाणारी मंडळी आली होती. बन्सीलालकाकांनी तिथे बाजाची पेटी आणू दिली नाही. ते चर्च चालवणाऱ्या वडीलजनांतले सगळ्यांत जुने, आयरिश मिशनरी साहेबांच्या हाताखाली वाढलेले. चर्चच्या बोर्डावरचं नाव बदलून वीस वर्षं झाली, तरी ते अजून 'आपलं प्रेस्बिटेरियन' म्हणतात, आणि स्तोत्र गळ्यानेच गायचं असतं हा त्यांचा हट्ट. म्हणून नुसत्या गळ्याने गायलो. मला वरचा सूर लागला नाही. सगळ्यांना वाटलं, रडू आलं असेल.

पुढच्या रविवारी ईस्टर. तालमी चालू आहेत, पण मजा नाही. दोन कुटुंबं डिसेंबरातल्या दंगलीनंतर नवापूरला गेली ती परतलीच नाहीत. आता आम्ही अकराजण. पेटीचे खालचे दोन सूर बिघडलेत आणि भाता फुसफुसतो. उषाबाई, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, म्हणाल्या की स्टेशनजवळच्या माणसाला दाखवू. मी नको म्हटलं. दहा वर्षं तुझ्या हनीफभाईंशिवाय दुरुस्तीसाठी त्या पेटीला कुणी हात लावलेला नाही.

तू लिहिलंस की त्यांच्या डाव्या कानाला आता काहीच ऐकू येत नाही. डॉक्टरांनी हात टेकले. तरी ते म्हणतात, एका कानाने सूर लावीन, वत्सलाबहेनची पेटी मीच करीन, आणि ईस्टर झाला की तुम्ही दोघं येऊन आमच्याकडे उतरणार. ते वाचून मी पत्र उशीखाली ठेवलं. पुढचं वाचायला दुसरा दिवस उजाडला. पुढे तू लिहिलंयस की अमळनेरला माहेरी सगळ्यांना तू माझंच नाव सांगतेस. चर्चच्या दारात माणसं उभी असताना वत्सला पेटी वाजवत राहिली, तिच्यामुळे आम्ही जिवंत आहोत. तुझ्या अम्मी माझ्यासाठी दुवा मागतात.

जुबेदा, त्यांना थांबायला सांग. आधी हे वाच.

दंगलीतल्या त्या मंगळवारी दुपारी तू आमचं दार वाजवलंस. नंतर चर्चमध्ये तू मला विचारलंस, "वत्सला, कुठे होतीस गं?" मी म्हटलं, मागे मोरीत होते, नळ चालू होता, ऐकू आलं नाही. तू लगेच मान हलवलीस. तुला दुसरं काही सुचलंही नाही.

मी मोरीत नव्हते. दाराच्या आत, कडीपासून हातभर अंतरावर उभी होते.

तू पहिल्यांदा हळू वाजवलंस. मग म्हणालीस, "वत्सला, उघड ना गं, पोरी आहेत संगे." मला शब्द न् शब्द आठवतो. हनीफभाईंचा खोकला मी ओळखला. धाकटी रडत होती. गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा चालला होता आणि माझ्या डोक्यात एकच होतं, की तुम्हाला आत येताना कुणी पाहिलं तर आमचंही घर पेटेल. सकाळी समोरच्याने बजावलं होतं, आपण मराठी माणसं, आपण मध्ये पडायचं नाही. पण त्याच्यावर ढकलत नाही. कडी माझ्याच हाताजवळ होती.

आणि सासूबाई. त्यांना चालता येत नव्हतं, तुला माहीत आहे. खाटेवरून त्या म्हणाल्या, "दार उघाड वं, जुबेदा शे ती." मी बोट ओठांवर ठेवलं. त्या पुन्हा म्हणाल्या, मोठ्याने. मग खाटेवरून पाय खाली सोडायला लागल्या. मी धावत गेले, त्यांना धरलं आणि त्यांच्या तोंडावर हात दाबला. बहात्तर वर्षांच्या बाईच्या तोंडावर. त्यांचा श्वास माझ्या तळहाताला लागत होता. तुझी पावलं लांब जाईपर्यंत मी हात काढला नाही.

खिडकीच्या फटीतून मी तुम्हाला जाताना पाहिलं. तुम्ही चर्चच्या बाजूला वळला नाहीत, रस्त्याच्या बाजूला वळलात. तिथेच हनीफभाईंच्या कानावर सळई बसली. तेही मी पाहिलं. आमचं दार उघडलं असतं, तर तुम्ही त्या कोपऱ्यावर नसताच.

उषाबाईंनी चर्चचं मागचं फाटक उघडून तुम्हाला आत घेतलं, ते मला थोड्या वेळाने कळलं. सासूबाई तासभर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मग म्हणाल्या, "आते तरी जाय." म्हणून मी चर्चमध्ये आले. मी शूर होते म्हणून नाही. त्या घरात त्यांच्यासमोर बसवत नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू पडद्यामागे लपली होतीस, सगळं दिसलं नसेल. माणसं फाटकातून आत आली तेव्हा पाळकसाहेबांनी आम्हा आठजणांना सांगितलं की नाताळाची तालीम चालू आहे असं समजून गा. मी पेटीवर बसले. धाकटीला खोकला आला की मी भाता जोरात मारायची. त्यातला एक, गोडादरा भागातला, पेटीजवळ आला आणि म्हणाला, "हनीफ पेटीवाला यहाँ आता है ना?" तो पाळकसाहेबांकडे बघत होता. मीच म्हटलं, "दिवाली के बाद नहीं आया." माझे हात थांबले नाहीत. तो पूर्ण भजन होईपर्यंत उभा राहिला आणि गेला.

एकाच दिवसात दोनदा खोटं बोलले. त्याच्याशी बोलले त्याचं मला काही वाटत नाही. तुझ्याशी बोलले ते घशाखाली उतरत नाही.

सासूबाईंनी नंतर एकदाही तो विषय काढला नाही. माझ्या हातचं जेवल्या, चहा प्यायल्या. वाल्मिकना काही सांगितलं नाही. पण मी त्यांचं तोंड पुसायला ओला फडका नेला की त्या मान वळवून फडका स्वतःच्या हातात घ्यायच्या. शेवटच्या तापातसुद्धा. त्या गेल्या, आणि दफनभूमीतून परत येताना माझ्या मनात आलं की आता हे कुणालाच माहीत नाही. मला हलकं वाटलं, जुबेदा. ते हलकं वाटणं मला दारापेक्षाही जास्त छळतंय.

जानेवारीपासून मी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेतलेला नाही. मंडळीच्या वडीलजनांनी कारण विचारलं, मी तब्येत सांगितली. गुरुवारी पाळकसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, प्रार्थना करतील, क्षमा आहे म्हणतील. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला सांगून काय होणार? जे दाराबाहेर उभे होते त्यांना सांगा." काल वाल्मिकना सांगितलं. ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

ईस्टरला मी पेटी वाजवणार नाही. बन्सीलालकाका खूश झाले, गळ्याने गाऊ म्हणाले. कारण त्यांना माहीत नाही. पण मंडळीसमोर उभी राहून मी ते सांगणार आहे. आधी तुला कळायला हवं होतं.

हनीफभाईंना हे वाचून दाखव. लपवू नकोस, मी खूप लपवलं. तुम्ही आलात तर या, नाही आलात तर का विचारणार नाही. क्षमा कर असं लिहीत नाही. ते मागणंसुद्धा तुझ्यावर ओझं टाकणं होईल. मुलींना माझे आशीर्वाद द्यावेत की नाही, ते तूच ठरव.

खाली 'तुझी शेजारीण' असं लिहायला हात गेला होता. तो शब्द तू परत दिलास तरच लिहीन.

वत्सला साळवे