योहानचं धान

१ डिसेंबर, रविवार संध्याकाळ. आरमोरी

ती सळसळ अजून कानात आहे. राइस मिल चालवतो, वाळल्या धानाचा आवाज मला कळतो. चर्चहून येताना आमच्याच मंडळीतल्या योहानच्या बांधीत, धानाच्या वावरात, तो ऐकला. दोन दिवसांत दाणे गळून मातीत गेले असते. तो तापानं पडलेला, पण मदत मागेल तर शपथ!

आम्ही चौघं मित्र रविवारच्या कपड्यांतच उतरलो. पीटर म्हणाला, "शेठ, इळा धरता येते ना, का मशीनच लागते?" अरे, मिलच्या आधी मजुरीच केली मी!

गाणी म्हणत कापत होतो. ऊन, सळसळ, स्वप्नात असल्यासारखं. एवढा आनंद कशाचा?

योहान गोधडी पांघरून बांधावर येऊन बसला. वाटलं, आभार मानेल. म्हणाला, "भाऊ, तो कोपरा कापू नका. कापणीनंतर सरवा वेचायला येणाऱ्या गरीब बायांचा आहे तो."

मग चौघंही त्या कोपऱ्याला वळसा घालून, चर्चमध्ये चालावं तसे हळू चाललो.