न चाखलेला दालचा

प्रिय प्रेरणा,

आधी बातमी सांगते, मग शिव्या दे. काल मी जेवणाची ऑर्डर पूर्ण केली. घरातली नाही, नात्यातली नाही, चांगली बाहेरची, पैसे घेऊन. हो, मीच, जिनं तुला इतकी वर्षं "अजून मसाला बसत नाही गं" म्हणून टांगून ठेवलं.

तुझा राग मला माहीत आहे. तू आपल्या दोघींच्या जेवणाच्या धंद्यासाठी स्टँडमागची खोली बघून आलीस, भिंतीला रंग कुठला तेही ठरवलंस, आणि मी काय केलं? तो डाळीचा दालचा पुन्हा पुन्हा चाखला, चिंच वाढवली, मग गूळ, मग परत चिंच, आणि शेवटी अख्खं पातेलं म्हशीच्या घमेल्यात ओतलं. आमच्या घरची अजीजुन्निसा खाला तेव्हाच म्हणाली होती, "चाखू चाखूच अर्धं पातेलं खाऊन टाकशीन तू!" तू हसलीस, मी रडले. खोली दुसऱ्या कुणी घेतली. यंदा दिवाळीत चिखलीला आलीस तेव्हा धंद्याचा विषयसुद्धा काढला नाहीस. ते मला फार लागलं. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

तर झालं असं. धान्याची अडत आहे ना, ते युसूफभाई दर रमजानला बाजारातल्या सगळ्यांना इफ्तारला बोलावतात. हमाल, व्यापारी, रोजा असलेले, नसलेले, सगळे एका पंगतीत. म्हणून दालचाही मटण न घालता, दुधीचा. यंदा त्यांचा आचारी आजारी पडला आणि ते आमच्या दारात आले. मी हो म्हणून बसले. माझी जाऊ शाहीन बघतच राहिली. "काऊन वो, तू त चाखल्याबिगर मीठ टाकत नाहीस, रोज्यात कसं करशीन?" जिभेच्या टोकावर ठेवून थुंकलं तर चालतं, असं मौलवीसाहेब सांगतात, हे तिनंच सुचवलं. मी म्हटलं, नको बाई, एकदा सुरू झाले तर थांबणार नाही. सगळ्यांना ते पटलं.

दुपारी अंगणात चुलीवर मोठी तांब्याची डेग चढली. कांदा मी रंगावरून जोखला, डाळ पळीतून कशी पडते त्यावरून. एकदा शाहीन आतून ओरडत धावली, खाली लागल्याचा वास येतोय म्हणून. मी डेगेला टेकूनच उभी होते. लक्ष नव्हतं म्हणाले आणि जाळ ओढला. थोडक्यात वाचलं.

खरा घोळ पुढे. मीठ घातलं, हात धुतला, आणि पाट्यापाशी वाटत बसलेली खाला म्हणते, "मीठ म्या टाकलं हाय वो माय, तुले सांगाचं राह्यलं." किती टाकलं? "आपलं, अंदाजानं." प्रेरणा, मीठ दोनदा पडलं होतं. बाहेर डेग न्यायला टेम्पोवाला आमीर उभा, ऊन भिंतीवरून उतरलेलं, लेकरं फळांच्या पराती घेऊन आधीच पुढे गेलेली. खाला, शाहीन, आमीर, सगळे रोजेदार. चाखणार कोण? मला एकदम तुझी आई आठवली. भिंतीवरूनच हाका मारल्या. गीताकाकू पदर खोचत आल्या, वाटी हातात घेतली, तोंडापाशी नेली आणि थबकल्या. "बाई वो! माही त आज एकादशी हाय!" काकूंनाच रडू फुटायचं बाकी होतं. गल्लीतून कुणाला तरी आणते म्हणून निघाल्या, पण आमीर हॉर्न वाजवत होता.

आधीची मी असते तर डेग झाकून घरात जाऊन झोपले असते, युसूफभाईंना निरोप धाडला असता की जमलं नाही. तसं मनात आलंही. खोटं कशाला बोलू. पण पंगतीला बसणारी माणसं दिवसभर पोती उचलून उपाशी होती. घरासाठी शिजवलेली अळणी डाळ होती ती सगळी ओतली, वर कढत पाणी, एक उकळी काढली आणि म्हटलं, उचला.

अडतीवर आम्ही बायका पडद्यामागे. अजान झाली, खजूर, पाणी, नमाज, मग पंगत बसली. नुसता ताटांचा आवाज. मग कुणीतरी पाणी मागितलं. मग दुसऱ्यानं. मग लिंबं मागितली. मी डोळे मिटून घेतले. आणि मग भात मागितला, आणखी दालचा मागितला, डेग खरवडायचा आवाज आला. युसूफभाई पडद्याशी येऊन म्हणाले, "बहेन, मीठ जरा तेज झालं, पन दालचा खरा हाय. ईदच्या दुसऱ्या दिवसाचं जेवन तुमच्याकडंच." शाहीननं घास घेऊन तोंड वाकडं केलं, खारट हाय म्हणाली. मीही घास घेतला आणि हो म्हणाले. ज्या खारट दालच्याला मी वर्षानुवर्षं भ्याले, तो लोकांनी लिंबू पिळून खाल्ला.

आता, फोन सोडून पत्र का? बोलता आलं नसतं म्हणून. दोन वर्षांपूर्वी मी तापात पडले होते. त्या तापानं वास नेला आणि पाठोपाठ चव. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू, ती आली नाही. तेव्हापासून तोंडात भाकरी काय आणि कागद काय. आधी मनासारखं जमत नाही म्हणून थांबत होते, नंतर जीभ परत आली की सुरू करू म्हणून. युसूफभाईंना हो म्हटलं ते रमजान होता म्हणून. या महिन्यात आचाऱ्याला कुणी "चाखून बघ" म्हणत नाही. ईदनंतर म्हणतील. घरात अजून कुणाला माहीत नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतेय. गेल्या ईदला तू शीरखुर्म्याची वाटी संपवताना विचारलंस ना, काय टक लावून बघतेस? गोड झालाय का, ते मी तुझ्या तोंडावर शोधत होते. तू तोंडदेखलं बोलत नाहीस. ईदच्या जेवणाला सुट्टी काढून ये, डेगेशी उभी राहा, आणि मीठ कमी की जास्त एवढं सांग. बाकी सगळं माझे हात करतील.

पुण्याच्या गाडीकडे डोळे लावलेली,
तुझीच
मलिहा