सारखं दिसणारं अक्षर

बाबा,

तुम्ही माझं बोट मोडलंत तेव्हा मी तिसरीत होतो आणि तुम्हीच आमचे वर्गशिक्षक होतात. शुद्धलेखनात मी 'रवा' लिहिलं, ते तुम्ही 'खा' वाचलंत. "र आणि व चिकटवतोस? किती वेळा सांगायचं?" म्हणत लाकडी डस्टर माझ्या उजव्या तर्जनीवर हाणलंत. मग पुन्हा, मग पुन्हा. सगळा वर्ग मान खाली घालून बसलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई ती वही घेऊन तुमच्यापुढे उभी राहते. "नीट बघा. दोन्ही अक्षरं सुटी आहेत." तुम्ही बघता, वही मिटता आणि अंघोळीला जाता. त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही त्या विषयावर एक शब्द काढला नाहीत.

इतक्या वर्षांनी हे लिहायचं कारण इथे कुवेतमध्ये घडलं. मीना अब्दुल्ला रिफायनरीच्या बाजूला एका ठेकेदार कंपनीत मी गेटवरच्या हजेरीचं सॉफ्टवेअर लिहितो. यंदा आमच्याकडे चीनच्या उत्तर भागातून मंगोल वेल्डर आले. त्यांची जुनी लिपी वरून खाली उभी लिहितात. दुसऱ्याच्या कार्डावर कुणी आत शिरू नये, म्हणून प्रत्येकाने गेटवर आपलं नाव आपल्या लिपीत टाइप करायचं, असं साहेबांनी ठरवलं. ते मी जमवून दिलं.

पहिल्याच आठवड्यात, सकाळची पाळी सुरू होताना, पन्नाशीचा एक वेल्डर नाव टाइप करतो आणि मशीनवर लाल दिवा लागतो, नाव जुळत नाही. दुसऱ्यांदा लाल, तिसऱ्यांदाही लाल. फोरमन ओरडतो, "किसके कार्ड पे घुस रहा है?" तो बिचारा छापील यादीतल्या नावावर बोट ठेवतो, मग पडद्यावरच्या नावावर. दोन्ही अगदी सारखी. फोरमनने हातातलं हेल्मेट सरळ त्याच्या तोंडावर मारलं. दात तुटून पडला. वेल्डरने डोक्याने धडक देऊन फोरमनचं नाक फोडलं, आणि मग तीन गार्ड वेल्डरवर तुटून पडले. बुटांच्या लाथा बरगड्यांवर बसत होत्या, आत काहीतरी मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी चार पावलांवर, लॅपटॉप छातीशी धरून उभा. पोलीस त्याला ओढत घेऊन गेले.

कारण मला त्याच दुपारी सापडलं. त्यांच्या लिपीत 'त' आणि 'द' बऱ्याच ठिकाणी एकसारखेच काढतात, पण संगणकात दोघांचे सांकेतिक क्रमांक वेगळे. यादी भरणाऱ्याने एक दाबलं होतं, याने दुसरं. नाव तेच, माणूस तोच. अशी सारखी दिसणारी अक्षरं एकच मानायला मशीनला सांगणं माझं काम होतं आणि मी ते केलंच नव्हतं.

साहेबांसमोर उभा राहिलो तिसऱ्या दिवशी. "चूक माझी आहे," म्हणालो. ते मोठ्याने हसले. "अब बोल रहे हो? परसों मुँह में क्या था?" माझी बढती गेली, नोकरी राहिली. वेल्डर पोलिसांकडून सुटला आणि थेट इस्पितळात गेला. मी दुभाषा घेऊन भेटायला गेलो, कागदावर दोन्ही अक्षरं काढून दाखवली, कुठे घोळ झाला ते सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्या अंगावर थुंकला. थुंकीत रक्त होतं. दुभाष्याने रुमाल पुढे केला, मी घेतला नाही. पुढच्या आठवड्यात तो कायमचा मायदेशी गेला.

आईला हे वाचायला पाठवावं, असं एकदा मनात आलं होतं. नाही पाठवणार. ती पुन्हा वही पुढे धरेल, आणि या खेपेला माझ्यापुढे.

मधले दोन दिवस नोकरीच्या भीतीने गप्प राहिलो, असं मी सगळ्यांना सांगितलंय, बायकोलासुद्धा. तुम्हाला खरं सांगतो. त्या दोन दिवसांत मी वाट बघत होतो, त्या माणसाचा दुसरा एखादा गुन्हा निघतोय का याची.