डावा सांगितलेला कौल

मालवण,
२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

गुरुदास भावजींना सुगंधाचा नमस्कार.

मी बरी आहे, गुडघे सोडून. तुमची साखर आटोक्यात आहे असं नम्रता म्हणाली, म्हणजे तिच्यापासून तुम्ही लाडू लपवलेत. बाजारात सुरमईला हात लावायची सोय नाही, सगळी पर्यटकांच्या ताटात जाते. मी तिसरीपर्यंतच शिकले, अक्षर लागलं तर वाचा.

नम्रता परवा तुमच्याकडून आली ती तोंड पाडूनच. म्हणाली, आजी, आजोबांच्या चरित्राचं शेवटचं प्रकरण अडलंय. चाळीस वर्षांची मैत्री, आणि मरताना त्याने मला दारातून परत पाठवलं, ते लिहू कसं, असं तुम्ही तिला म्हणालात.

म्हणून कागद घेतला.

आमच्या ह्यांना लोक मोठा लेखक म्हणतात. म्हणू देत. पण गोष्टीतल्या बाईचं बोलणं ते आधी मला ऐकवायचे. "बायलमाणूस असा बोलात काय गो?" मी म्हणायची, मेली इतकी गोड बोलली तर घोव तिला बाजारात विकून येईल. की खोडलंच. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. तुम्ही पाठवलेली चरित्राची पहिली पानं ह्यांनी मला वाचून दाखवली. त्यात होतं, 'घरात त्यांचं लेखन समजणारं कोणी नव्हतं.' हे थांबले. म्हणाले, त्याला माहीत नाही, मी सांगतो त्याला. मी कढी ढवळत राहिले, पण तुमचं ते वाक्य काट्यासारखं रुतलं.

मग ह्यांनी अंथरूण धरलं. गुरुदासाला बोलावून घे, म्हणाले. मी म्हटलं, देवाला विचारते. इथे कौल लावल्याशिवाय विहीर खणत नाहीत, त्यामुळे ह्यांना त्यात वावगं वाटलं नाही. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाषाणावर पाकळ्या लावल्या. उजवी पडली. उजवी म्हणजे होकार, हे तुम्हाला सांगायला नको.

घरी येऊन मी डावी सांगितली.

ह्यांनी जन्मात देवळाची पायरी चढली नव्हती. वाटलं, हसतील. हसले नाहीत. "तू इचारलंस मां? मगे ऱ्हवांदे," म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

आणि तुम्ही न बोलावता आलात. "ह्यांका तुमचा तोंड बघूचा नाय." हे माझं बोलणं होतं, ह्यांचं नव्हे. ते आत जागे होते, पण कानाने कमी झाले होते. तेव्हा मला ते बरं वाटलं. पुढे नऊ दिवस जगले. रोज संध्याकाळी विचारायचे, गुरुदासाची कणकवलीची गाडी आली काय? मी सांगायची, आली नि गेली.

त्या नऊ दिवसांत एक फोन पुरला असता. फोन माझ्याच उशाला होता.

कौल कुठला पडला ते गुरवाला ठाऊक आहे. तो गप्प राहिला, मीही. देवाचं नाव घेऊन नवऱ्याशी खोटं बोललेल्या बाईला गाव काय म्हणतं, ते तुम्ही जाणता. शेवटचं प्रकरण लिहा, नावानिशी लिहा. नम्रता म्हणेल आजीला वगळा, तिचं ऐकू नका. माझी भीड धराल म्हणून सांगते, उद्या सोमवार, देवळात माणसं असतात. तिथे मी हे सगळं बोलणार आहे. पत्र तुम्हाला पोचेल तेव्हा गावाला कळलेलं असेल.

वहिनी लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसती

सुगंधा